सांपडलें कांहीं?

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या चार वर्षांनीं घरीं आला. अमेरिकेंत दक्षिण डाकोटा संस्थानांतील लीड या गांवीं एक बंद पडलेली सोन्याची खाण आहे. तींत सुमारें दीड किलोमीटर खोल तो विश्वांतील अदृश्य द्रव्याचा शोध घेणाऱ्यांत काम करतो. सारे फराळाला बसलों असतां मीं सहज विचारलें, “मग, सांपडलें कांहीं?”

त्याचा हात लाडवावर थबकला. “नाहीं, काका.” कोणीसें हंसलें.

रात्रीं गच्चीवर तो आपण होऊन बोलूं लागला. 1933 सालीं फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका पुंजांत, आणि पुढें व्हेरा रुबिन यांना दीर्घिकांच्या कडेच्या भागांत आढळलें कीं, तेथील गति दिसणाऱ्या द्रव्याच्या मानानें फारच अधिक आहे. अदृश्य द्रव्य दृश्याच्या सुमारें पांचपट असावें. त्याचा एखादा कण खाणींतील 7 टन द्रवरूप झेनॉनच्या अणूवर आदळला, तर मंद प्रकाश चमकेल. विश्वकिरणांचा उपद्रव नको, म्हणून वर एवढा खडक. 2024 सालीं 280 दिवसांच्या निरीक्षणांचा निकाल जाहीर झाला : कणाची चाहूल नाहीं.

“तारेसुद्धां आमचीं यंत्रेंच,” तो म्हणाला. “अ‍ॅक्सियन नांवाच्या कणांचा प्रकाशाशीं बळकट संबंध असता, तर त्यांनीं म्हाताऱ्या ताऱ्यांची उष्णता पळविली असती, ते तारे लौकर विझले असते. पण त्यांची मोजदाद हिशेबाशीं जुळते. तेथेंही ‘नाहीं’च.”

त्याला धीर द्यावा म्हणून मीं, त्याच खाणींत सूर्याचे न्यूट्रिनो मोजणाऱ्या रेमंड डेव्हिस यांचें नांव घेतलें. त्यांना अपेक्षेच्या तृतीयांशच मिळाले. कित्येकांना मोजणींतच चूक वाटली. अखेर न्यूट्रिनो वाटेंत रूप पालटतात असें ठरलें, आणि 2002 सालीं डेव्हिस यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

“त्यांना तृतीयांश तरी मिळाले, काका. आम्हांला तेंही नाहीं. मात्र प्रत्येक ‘नाहीं’नें शोधण्याची जागा थोडी कमी होते.”

मी जन्मभर शिक्षक. उत्तर आलें नाहीं, तेथें मीं शून्य गुण दिले. मुलानें किती वाटा चोखाळून पाहिल्या, हें कधीं विचारलें नाहीं. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

निघतांना वहिनींनीं त्याच्या हातावर दहीं घातलें. तो माझ्या पायां पडला. नेहमींचा प्रश्न ओठांवर आला होता, तो मीं गिळला.

“आतां कोणती जागा पाहणार?” मीं विचारलें.

तो मोटारींत बसेपर्यंत मला तेंच सांगत होता.