पहाटेची नीरा

आमचा भाचा शिक्षणाच्या निमित्ताने जर्मनीत लाइपझिग येथे असतो. गेल्या नाताळच्या सुटीत तो आमच्याकडे सुरतेस आला आणि पहिल्याच रात्री जेवणाच्या पानावर त्याने ‘गोझे’ नावाच्या बिअरची कथा काढली. दारूबंदीच्या प्रदेशात, त्यातून एका मुख्याध्यापकाच्या घरात, हा विषय निघालेला पाहून सौभाग्यवतींच्या कपाळी आठी उमटली. परंतु कथा ऐकण्याजोगी होती. ही बिअर मूळची गोस्लार गावची. तेथील गोझे नदीवरून तिला नाव पडले. अठराव्या शतकात ती लाइपझिगला आली आणि त्या शहराचीच होऊन बसली. गव्हाचे मोड, धने आणि चक्क मीठ घालून केलेले हे पेय पूर्वी लांब मानेच्या बाटलीत भरीत. बूच लावीत नसत. आतला फेसच वर चढून बाटलीची मान बंद करी. १९६६ साली ते करणारा शेवटचा कारखाना थांबला, आणि वीस वर्षांनी, १९८६ मध्ये, एका हौशी गृहस्थाने जुन्या पिणाऱ्यांना चव विचारून विचारून ते पुन्हा सुरू करविले.

“पण चवीला कसे?” आम्ही विचारले.

“आंबट, मामा. आपल्या आंबिलीच्या वळणाचे.”

खानदेशी घरात वाढलेल्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही.

“मग तुमच्या सुरतेचे स्वतःचे पेय कोणते?” त्याचा प्रश्न आला. उत्तर तोंडाने देण्यापेक्षा आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे उठवले आणि नीरा केंद्रावर घेऊन गेलो.

थंडीच्या दिवसांत सुरतेत पहाटे नीरेसाठी माणसे उभी असतात. गुजराती तिला ‘नीरो’ म्हणतात. पेला हाती आला की प्रथम ओल्या लाकडासारखा किंचित धुरकट वास येतो, मग गोडवा. पण तो उसाच्या रसासारखा अंगावर येत नाही, जिभेवरून हलकेच निघून जातो. शिंदीच्या झाडाला, म्हणजे इकडच्या खजुरीला, शेंड्याखाली संध्याकाळी छेद देऊन मडके बांधतात आणि उजाडण्यापूर्वी उतरवतात. छेद एका वर्षी एका अंगाला, पुढल्या वर्षी दुसऱ्या अंगाला. जुन्या झाडाच्या खोडावर अशा खाचांचा जिनाच तयार होतो. तो मोजला की त्या झाडाने किती हिवाळे माणसाला पाजले ते कळते. मडक्याला आतून चुना लावलेला असतो, त्यामुळे रस आंबत नाही. चुना नसेल आणि ऊन लागले, तर काही तासांत तीच नीरा ताडी होते. १६१६ साली सुरतेच्या बंदरात उतरलेल्या एडवर्ड टेरी नावाच्या इंग्रज पाद्र्यानेसुद्धा हेच नोंदविले आहे, की पहाटे घेतली तर उत्तम, उन्हे चढल्यावर डोके फिरविणारी.

म्हणजे सारा भेद घटकांचा. सरकारने मात्र त्या रसाशी निराळा हिशेब मांडला. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात घरोघरची दारू बंद होऊन ती मक्तेदाराच्या गुत्त्यात गेली, आणि झाडांवरही कर बसला. सुरत जिल्ह्यातील आदिवासी त्या गुत्त्यांपायी कर्जात बुडाला, जमिनीला मुकला. १९२२ च्या सुमारास उत्तर कोकणच्या किनाऱ्याकडून एक ‘देवी’ आली. ती माणसांच्या अंगात येई आणि सांगे, दारू सोडा, ताडी सोडा, रोज स्नान करा, गुत्तेवाल्याच्या कामाला जाऊ नका. गावेच्या गावे तिच्या शब्दावर उठली. कोणी उपदेशक न जाता, कायदा न होता हे घडले. १९४९ चा दारूबंदी कायदा त्यानंतरचा. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाल्यावर तो येथे कायम राहिला. नीरेला त्यात परवान्याची वाट ठेवलेली आहे.

हे सर्व आम्ही भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, “मामा, तुम्ही पहिल्यांदा केव्हा घेतलीत?”

आम्ही विषय बदलला. त्याला जे सांगितले नाही ते येथे लिहितो.

तीसएक वर्षांपूर्वी आम्ही तापीकाठच्या, सरहद्दीकडील एका खेड्यात नवे शिक्षक होतो. हिवाळ्यात एक मुलगा रोज उशिरा येई. चौकशी केली तेव्हा कळले, की बाप शिंदीला छेद देतो आणि मडकी उतरवायला मुलगा बरोबर असतो. एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्याला सर्वांसमोर उभे केले व म्हणालो, “बाप ताडी गाळणार आणि पोर शाळा बुडवणार!” मुले हसली. एम.ए.ला भाषा शिकलेल्या आम्हाला नीरा आणि ताडी या दोन शब्दांतले अंतर ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक करून घ्यावेसे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी बाप आला. हातात पानाने झाकलेला लोटा आणि खिशात परवान्याचा घडी पडलेला कागद. कागद त्याने आधी दाखवला. मग लोटा पुढे करून म्हणाला, “गुरुजी, चाखून बघा. गोड आहे.” आम्ही लोट्याला हात लावला नाही. वर्गाची वेळ झाली म्हणालो. तो थोडा वेळ दारात उभा राहिला आणि लोटा तसाच घेऊन परत गेला. संक्रांतीनंतर मुलाने शाळा सोडली. आम्ही त्याच्या घरी जायला हवे होते. वार्षिक तपासणीच्या कामात तेही राहून गेले.

पुढे सुरतेस बदली झाल्यावर एका सहकाऱ्याने आग्रह केला म्हणून आम्ही प्रथम नीरा घेतली. तो म्हणाला तेवढीच गोड होती.

भाच्याने आणखी एक पेला मागितला. आता ऊन समोरच्या गच्चीवरून खाली उतरू लागले होते. विक्रेत्याने पिंपात डोकावून पाहिले, शेवटचा पेला भरून दिला आणि झाकण लावले.