तापीकाठची दोन पत्रं

रावेर

ती. बाबांस सा. नमस्कार.

आज पालला जाऊन आले. रावेर सोडलं की दोन्हीकडे केळीच केळी, जमीन सपाट, आणि एकाएकी समोर सातपुडा उभा. चढत चढत उंच झालेला हा डोंगर नव्हे. इथे जमीनच फाटली. पायथ्याच्या प्रस्तरभंगालगत उत्तरेची बाजू वर राहिली, दक्षिणेची खचली आणि त्या खचदरीतून तापी पश्चिमेला निघाली. चोपडा तालुक्यातलं उनपदेवचं गरम पाणी अशाच भेगांतून वर येतं. भेगा अजून निजलेल्या नाहीत. १४ मार्च १९३८ ला सातपुड्याच्या पट्ट्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता.

सुकीसारख्या नद्यांनी खचलेल्या भागात दोन-तीनशे मीटर गाळ आणून टाकला. पायथ्याच्या दगडगोट्यांतून पावसाचं पाणी मुरतं आणि रावेर, सावदा, फैजपूरची केळी त्यावर पोसते. ट्यूबवेली मात्र दरवर्षी खोल जाताहेत. इथे कुणाशीही बोला, विषय पाण्यावरच येतो.

तुम्ही विचारलंत, खानदेशात तेल असेल का? गाळाखाली काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्याही खाली जुने गाळाचे खडक असल्याच्या खुणा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेला (एनजीआरआय) मिळाल्या आहेत. तेल असलंच तर तिथे.

अंकलेश्वर

ती. बाबांस सा. नमस्कार.

भुसावळहून सुरतेच्या गाडीने आले. धुळे-नंदुरबारचा मुलूख डाइकांनी भरलेला आहे. भेगांत लाव्हा घुसून थिजला, आजूबाजूचा खडक झिजला आणि या लांबच लांब भिंती उरल्या. मला काळजी वाटते ती यांचीच. एवढ्या उष्णतेत लाव्हाखालचं तेल टिकलं असेल का?

इथे १९६० मध्ये तेल लागलं, आणि थरांचा क्रम खानदेशाच्या नेमका उलटा. काळा पाषाण तळाशी, तेल वर! लाव्हाची जमीन खचली, समुद्र आत आला, चिखल साचला. तो खोल गाडला जाऊन तापला आणि त्यात तेल तयार झालं. पुढे नर्मदेच्या भेगांवर दाब येऊन थर कमानीसारखे वर वाकले आणि तेल त्या कमानीतल्या वाळूच्या खडकांत अडकलं. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना धावणारा हा एकच भेगाळ पट्टा.

रावेरकडे कधी खोल विहीर खणलीच, तर गाळातले पाण्याचे थर आधी पोलादी नळ्यांनी आणि सिमेंटने बंद करून घ्यायला हवेत. लाव्हाखाली काय आहे ते कळावं असं मला फार वाटतं, पण केळीच्या पाण्याला धक्का लावून नाही.

तुमची,
माई