एक जानेवारीला सुट्टी नसलेल्या गावात

सलालाहमध्ये पंचवीस डिसेंबरला सुट्टी नसते आणि एक जानेवारीलाही नसते. ओमानात आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे नवं वर्ष मधल्या वारी लागलं तर सकाळी उठून सगळे मुकाट कामावर. सुट्टी असते ती फक्त पोरांना. इंडियन स्कूलची हिवाळी सुट्टी लागली की आमच्या इमारतीखाली दुपारभर क्रिकेट चालतं. समोरच्या केरळी शेजाऱ्यांच्या गॅलरीत कागदी चांदणी लागते, प्लम केकचे तुकडे घरोघर फिरतात, आणि आमच्याकडून त्याच डब्यातून नारळाच्या वड्या परत जातात. नारळ इथे गावातलाच. सलालाहच्या बागांतून नारळ, केळी, पपई उभी असते आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर शहाळी मिळतात. कोकणातून आलेल्या माणसाला इथे फार परकं वाटू नये, अशी सोय निसर्गानेच करून ठेवली आहे.

आमच्या घरासाठी वर्षातली खरी निवांत वेळ हीच. उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत आम्ही चिपळूणला जातो. गंमत अशी की जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत सलालाहला खरीफ असतो. नैऋत्य मोसमी वारा इथल्या डोंगरांना अडतो, बुरबुर पाऊस आणि धुकं महिनोन्‌महिने हलत नाही, उघडे डोंगर हिरवेगार होतात. भाजून निघालेल्या आखातातून लोक हजार-हजार किलोमीटर गाड्या हाकत हा पाऊस बघायला येतात आणि आम्ही नेमके तेव्हा इथला पाऊस सोडून चिपळूणच्या पावसात हजर! तिथे गेल्यावर लग्नं, बँकेची कामं, दाताचे डॉक्टर, घराचं गळतं छप्पर आणि ‘आमच्याकडे कधी येताय?’ म्हणणारे नातेवाईक. त्या धावपळीत घरातली माणसं एका जागी बसून धड बोलली, असं मला आठवत नाही.

डिसेंबरात तसं नसतं. हवा सुखाची, समुद्र शांत. माझा नवरा रायसूतच्या बंदरात कामाला आहे. १९९८ साली तिथे कंटेनर टर्मिनल सुरू झालं, तेव्हापासून तिथे दिवस-रात्र काम चालतं. बोटींना नाताळ नाही, की थर्टी फर्स्ट नाही. त्याची पाळी बघूनच आमचं सगळं ठरतं. एका वर्षी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, लेक दहावीला होती, धाकटा सहावीत. आणि लेकीने शाळेतून एक खूळ आणलं: घरातल्या प्रत्येकाने नव्या वर्षाचं एकेक लक्ष्य लिहायचं आणि कागद फ्रीजवर चिकटवायचा.

आखातात राहणाऱ्या माणसांना लक्ष्यं नवी नाहीत. फक्त ती रियालात असतात. आधी गावच्या घराचं कर्ज, मग पुण्याला फ्लॅट, मग पोरांच्या कॉलेजची तजवीज, मग लेकीच्या लग्नाचं सोनं. ‘एवढं झालं की परत जायचं’ हे वाक्य मी इथल्या प्रत्येक मराठी घरात ऐकलेलं आहे, आमच्या घरात तर रोज. एवढं झालं की तेवढं उभं राहतं. या हिशेबात माणसाची तब्येत, शिक्षण, हौस यांना रकानाच नसतो. ती सगळी ‘परत गेल्यावर’च्या खात्यात जमा. म्हणून लेकीने ‘पैशाचं सोडून काहीतरी लिहा’ अशी अट घातली तेव्हा दोघेही पेन घेऊन नुसते बसून राहिलो.

अखेर नवऱ्याने लिहिलं, रोज पहाटे तासभर चालणार. साखर काठावर आली होती, डॉक्टरांनी दम भरला होता. मी लिहिलं, गाडीचं लायसन्स काढणार. धाकट्याने लिहिलं, समुद्रात पोहायला शिकणार. लेकीचं लक्ष्य म्हणजे दहावी. तिला लिहायचीही गरज नव्हती, तरी तिने टक्क्यांसह लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, “मला या वयात कसलं आलंय लक्ष्य? तुम्ही लिहा, मी वाचते.”

मधल्या दिवसांत त्यांना घेऊन हाफाच्या बाजारात गेले. लोबानाचा वास त्या बाजाराच्या बाहेरच भेटतो. डोक्यावरून काळं वस्त्र घेतलेल्या, इथल्या ढोफार प्रांतातल्या बायका सुपारीएवढ्या, तांदळाएवढ्या खड्यांचे ढीग लावून बसलेल्या. हिरवट पांढरा होजारी सगळ्यात महाग, तपकिरी खडे स्वस्त. सासूबाईंनी भाव ऐकला आणि एकाच झाडाच्या चिकाला इतके वेगवेगळे भाव कसे, असं मराठीतच विचारलं. मी मोडक्या अरबीत पुढे सरकवलं. बाईने हवेत सुरी चालवल्याचा अभिनय करून दाखवला. झाडाची साल पहिल्यांदा तासली की जो चीक येतो तो “माफी”, म्हणजे काही कामाचा नाही. दोनेक आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा तासायचं, तो “शुवैय्या”, जरासा बरा. तिसऱ्या खेपेचा “झैन”. सासूबाईंनी घासाघीस न करता मूठभर खडे घेतले. परत येताना म्हणाल्या, “पोरांनाही सांग हे. पहिल्या खेपेला काही येत नसतं.”

नवऱ्याची सुट्टी जुळली त्या दिवशी मुगसैलला गेलो. सलालाहपासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर. पांढऱ्या वाळूचा लांबच लांब किनारा, मागे कडे, मध्येच वाळूत उंट. इथल्या खडकांत भोकं आहेत. खरिफात समुद्र खवळला की त्यांतून पाण्याचे फवारे उंच उडतात. डिसेंबरात मात्र भोकांतून नुसता घुमल्यासारखा आवाज येतो. धाकटा हिरमुसला. एका छपरीखाली चटई टाकून थालीपीठ, लोणी आणि लसणाची चटणी काढली. लेकीने फ्रीजवरचा कागद सोबत आणला होता. आजीला वाचायला दिला.

सासूबाईंनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, “तू पहाटे चालायला गेलास तर पोरांचे डबे, शाळेची बस हे कोण बघणार? म्हणजे चालणार तू आणि धावणार ही!”

आम्ही हसलो, पण त्या हसल्या नाहीत. पुढची ओळ. “लायसन्स काढणार म्हणतेस. शिकवायला माणूस येणार, त्याला तासाचे पैसे लागणार. ते कुठून? आणि तू शिकायला गेलीस की याला कोण बघणार?” धाकट्याला विचारलं, “पोहायला तुला कोण नेणार?” त्याने सरळ बाबांकडे बोट केलं. बाबांच्या वाट्याला तेव्हा पहाटेचं चालणं, पाळीची नोकरी आणि आता समुद्र एवढं जमा झालं.

मग लेकीने कागद उलटा केला आणि रेघा मारल्या. एका बाजूला लक्ष्य, दुसऱ्या बाजूला त्यासाठी कोणाचा वेळ जाणार त्याचं नाव. ते नाव ज्याचं, त्याने स्वतः ‘हो’ म्हणायचं. नाही म्हणाला तर लक्ष्य बदलायचं. अर्ध्या तासात कागद ओळखू येईनासा झाला. पहाटेचं चालणं संध्याकाळवर गेलं, तेही दिवसपाळीच्या दिवशी आणि धाकट्याला बरोबर घेऊन, दहारीजच्या किनाऱ्यावर. बाप चालेल, पोरगा सायकल चालवेल आणि शुक्रवारी दोघे पाण्यात उतरतील. खरिफात समुद्रात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून पोहणं शिकायचं ते उन्हाळ्याच्या आत. रमजानात चालण्याची वेळ बदलेल, तो महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हेही तिने कालनिर्णयात बघून मांडलं. माझ्या लायसन्सचे तास नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, आणि पैसे त्या वर्षीच्या सोन्याच्या भिशीतून. यावर नवऱ्याने आवंढा गिळला, पण ‘हो’ म्हणाला.

“आता आजी तुझं,” लेक म्हणाली. “काहीच नाही असं चालणार नाही.”

सासूबाई बराच वेळ चटणीच्या डब्याचं झाकण लावत राहिल्या. मग म्हणाल्या, “गुडघा.”

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून बराच काळ झाला होता. त्या दर वेळी पुढे ढकलत होत्या आणि आम्ही समजत होतो की त्या घाबरतात. त्या दिवशी कारण कळलं. “तुम्ही येणार वर्षातून एकदा, ते पण मोजके दिवस. तेवढे मी हॉस्पिटलात घालवू? पोरं कधी बघू मग?”

कोणी काही बोललं नाही. लेकीने त्या ओळीसमोर माझं नाव लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. सीबीएसईची दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होते, मार्चमध्ये संपते. एप्रिलमध्ये मी जाऊ शकत होते. पण एप्रिलमध्ये मी गेले तर जूनमध्ये चौघांची तिकिटं परवडणार नव्हती. “मग नाही जायचं जूनमध्ये,” नवरा म्हणाला. इतक्या वर्षांत जूनला गावी न जाण्याचा विचार कोणाच्या मनातही आला नव्हता.

एकतीस डिसेंबरची रात्र साधीच गेली. ओमानचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे, त्यामुळे साडेदहालाच चिपळूणहून फोन सुरू झाले. सासूबाईंनी सगळ्यांना शुभेच्छा दिल्या आणि आपलं नवं वर्ष उरकून झोपायला गेल्या. सलालाहचे बारा वाजले तेव्हा नवरा बंदरावर होता.

एक गोष्ट मात्र इथल्या कॅलेंडरने आम्हाला आयती दिली. ओमानात एक जानेवारीला सुट्टी नसली तरी अकरा जानेवारीची असते. २०२० साली त्या दिवशी सुलतान हैथम गादीवर आले. नव्या वर्षाचा उत्साह साधारण दहा दिवस पुरतो. अकराव्या दिवशी सुट्टी म्हणजे आढावा घ्यायला नेमकी वेळ. आम्ही कागद काढून बसलो. नवऱ्याचं चालणं दोनच दिवस झालं होतं. “माफी,” धाकटा म्हणाला. त्यावर आजीने त्याला हाफाची आठवण करून दिली, आणि कोणीही कोणाला बोल न लावता वार बदलून घेतले.

पुढचं थोडक्यात सांगते. माझ्या शिकण्याच्या तासांना नवरा घरी थांबला, स्वयंपाकही शिकला. त्याची आमटी आता माझ्यापेक्षा बरी होते असं पोरांचं मत आहे. ड्रमांच्या मधून गाडी मागे घेण्याच्या परीक्षेत मी आपटले, रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकाऱ्याला शेजारी बसवून रस्त्यावर चालवतानाही आपटले, पण लायसन्स निघालं. त्यानंतर घरात सगळ्यांचाच वेळ वाढला, कारण शाळा, बाजार, दवाखाना यांसाठी नवऱ्याच्या पाळीवर अवलंबून राहणं संपलं. धाकटा तरंगायला लागला, पोहतो असं म्हणण्याइतका नाही. नवऱ्याची साखर आटोक्यात आहे, वजन मात्र जिथल्या तिथे.

एप्रिलमध्ये सासूबाईंचं ऑपरेशन झालं. मी सोबत होते. पाहुण्यांची वर्दळ नाही, लग्नं नाहीत, परतीच्या तिकिटाची घाई नाही. फक्त आम्ही दोघी, फिजिओथेरपीचा तक्ता आणि संध्याकाळचा व्हिडिओ कॉल. इतक्या वर्षांच्या वार्षिक सुट्ट्यांत आम्ही एकमेकींशी बोललो नसू तेवढं त्या काळात बोललो.

आणि जूनमध्ये आम्ही सलालाहला राहिलो. वादी दरबातचा धबधबा, धुक्यात हरवलेले रस्ते, डोंगरावर छत्र्या घेऊन चहा पिणारी माणसं. ज्यासाठी अख्खं आखात इथे लोटतं ते राहत्या गावात पहिल्यांदा पाहिलं. मुगसैलच्या भोकांतून उडणारं पाणीही धाकट्याने एकदाचं पाहिलं आणि भिजून घेतलं.

दर डिसेंबरात संकल्पांवर विनोद होतात, ते मोडण्यासाठीच असतात म्हणून. मला आता तसं वाटत नाही. बरेचसे संकल्प आळसाने मोडत नाहीत. एकाने ठरवलेलं असतं आणि वेळ दुसऱ्याचा जायचा असतो, त्या दुसऱ्याला कोणी विचारलेलं नसतं, म्हणून ते मोडतात. घरातली बाई हा वेळ न विचारता देत आली, म्हणून तिचं नाव कुठल्या कागदावर आलं नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी आपली गरजच पुढे ढकलली, म्हणून त्यांचंही नाही. तेव्हा यंदा लक्ष्य जरूर लिहा. पण त्याच्यासमोर ज्याचा वेळ लागणार त्याचं नाव लिहा, त्याच्याकडून ‘हो’ घ्या, आणि घरात जे म्हणतात ‘मला काही नको’, त्यांना आधी विचारा.