आतकूरची शिळा

गावाबाहेरच्या वीरगळांची आपल्याला सवय असते. खालच्या चौकटीत पळवून नेलेल्या गायी, त्यावर लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तो. बहुतेकांवर अक्षर नसतं. कोण होता, कुणाचा होता, दगड काही सांगत नाही. आतकूरची शिळा मात्र बोलकी आहे, आणि ती बोलते एका कुत्र्याबद्दल.

आतकूर कर्नाटकातलं, मंड्या जिल्ह्यातल्या मद्दूर तालुक्यातलं गाव. शिळा आता बेंगळुरूच्या कस्तुरबा रस्त्यावरच्या सरकारी संग्रहालयात आहे. तिच्यावर जुन्या कन्नडातल्या अक्षरांची दाटी आहे आणि त्या दाटीत एक जागा राखून ठेवलेली: तिथे रानडुक्कर आणि कुत्रं समोरासमोर भिडलेली. मजकुरात साल आहे शके 872, म्हणजे इसवी सन 949-50.

काळ मोठ्या उलथापालथीचा. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे त्या पहिल्या कृष्णाच्या घराण्यातला तिसरा कृष्ण राष्ट्रकूटांच्या गादीवर होता. त्याने तक्कोलमला चोळांचा पराभव केला. चोळ युवराज राजादित्य त्या रणात पडला. त्याला मारणारा गंग राजा बूतुग, कृष्णाचा मेहुणा. बूतुगाच्या बाजूने लढलेल्यांत मणलेर नावाचा एक सरदार होता. त्याची मर्दुमकी पाहून बूतुग खूश झाला आणि म्हणाला, हवं ते माग.

मणलेराने राजाचं काळी नावाचं शिकारी कुत्रं मागितलं.

हे वाचलं की मी दर वेळी थांबते. समोर राजा, नुकती जिंकलेली लढाई, मागितलं ते मिळण्याची वेळ. हा माणूस हत्ती मागू शकत होता, गाव मागू शकत होता. त्याचा जीव त्या कुत्र्यात अडकला होता, आणि तसं भर दरबारी सांगायला तो लाजला नाही. मला तो तेवढ्यावरूनच ओळखीचा वाटतो.

पुढचं शिळा आडवळण न घेता सांगते. केळले नाडातल्या बेळतूर गावाच्या पश्चिमेच्या डोंगराजवळ काळीला एका थोराड रानडुकरावर सोडलं. दोघं झुंजली. दोघंही मेली.

मणलेराने आतकूरच्या चल्लेश्वराच्या देवळापुढे ही शिळा उभी केली. तलावाखालची भाताची जमीन तिच्या पूजेसाठी लावून दिली. आणि लिहून ठेवलं की ही जमीन सांभाळणारा गोरव, म्हणजे देवळाचा शैव पुजारी, शिळेची पूजा केल्याशिवाय जेवला तर त्याला त्या कुत्र्याचं पाप लागेल.

या एका अटीमुळे ही शिळा मला माणसासारखी वाटते. तिचा स्वभाव हट्टी आहे. ती कुणाकडे सहानुभूती मागत नाही, ती पूजेचा हक्क सांगते. आपलं दुःख चार दिवसांनी लोकांना जड होणार, याची मणलेराला पक्की कल्पना असावी. म्हणून त्याने त्याची सांगड भाताच्या पिकाशी आणि पुजाऱ्याच्या जेवणाशी घालून दिली. माणसं विसरतील, पण भूक रोज लागेल, आणि भूक लागली की आधी काळीची आठवण काढावी लागेल.

आमचा कुत्रा शेरू गेला तेव्हा अशी काही सोय नव्हती. गोठ्यात घोणस निघाली, तो मध्ये पडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. आमच्या घरात पहिली भाकरी शेरूची असे. त्याला घातल्याशिवाय आई कुणाचं ताट वाढायची नाही. तो गेल्यावरही तिचा हात तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा काठ मोडायचा, ती दुधात कुस्करायला वाटी शोधायची, आणि मग चुलीपुढे तशीच बसून राहायची. शेजारच्या बायका चांगल्या मनाने सांगायच्या, "मामी, दुसरं पिल्लू आणा, करमेल." माणूस गेलं असतं तर त्यांनी दहा दिवस आमच्याकडे पिठलं-भात पोचवला असता. कुत्र्यासाठी सुतक नसतं, भेटायला कुणी येत नाही, डोळे पुसायचे ते मोरीत जाऊन. आईला त्याचंच जास्त लागलं होतं.

पुढे याच शिळेवर मोठमोठ्या गोष्टी कोरल्या गेल्या. राजादित्याला मारल्याबद्दल कृष्णाने बूतुगाला बनवासी 12000, बेळवोल 300 अशा नावांचे प्रांत दिले, आणि बूतुगाने मणलेराला आतकूरसह बारा गावं. इतिहासाचे अभ्यासक या शिळेकडे येतात ते मुख्यतः त्यासाठी. शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तिचं वाचन 'एपिग्राफिया इंडिका'त छापलं तेव्हापासून तक्कोलमच्या लढाईचा भक्कम पुरावा म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि कुत्र्याची हकिकत जाता जाता सांगितली जाते. पण शिळा उभी राहिली कुणासाठी, हे त्या चित्राकडे पाहिलं की कळतं. शिळेवर चित्र कोरलं गेलं ते काळीच्या झुंजीचं.

आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात. ते छत्रपती होते. मणलेर एका मांडलिक राजाचा सरदार, आणि तरी त्याने हे त्यांच्या आठशे वर्षं आधी केलं.

आईला मी ही सगळी हकिकत सांगितली. तिने मध्ये एकदाच विचारलं, "आणि डुक्कर?" तेही कोरलंय, म्हटलं, तेवढंच मोठं. तिला ते पटलं.

त्या उन्हाळ्यात घराच्या जोत्याचं काम चालू होतं. आईने पाथरवटाकडून एक चिरा मागून घेतला. काय कोरू, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, "नाव घाल. आणि घोणस काढ, गोठ्यात आली होती तशी."