मावळच्या लेण्यांतले मणी आणि घरातली सुई-पक्कड

मावळात पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं, हे ठरलेलं असतं. पावसाळ्यात भाताची हिरवी खाचरं, हिवाळ्यात लोहगड-विसापूर, आणि परत जाताना हातात लोणावळ्याच्या चिक्कीचा पुडा. वाचकहो, आज आपण याच वाटेनं जाऊ, पण जरा वेगळ्या कामासाठी. तुमच्या घरातल्या डब्यात एखादी तुटलेली पोत, दोरा कुजलेली बोरमाळ किंवा मुलीच्या मण्यांच्या माळेचे सुटे मणी पडले असतील. ते डोळ्यांसमोर ठेवून चला.

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसा. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत मागं पडलं की मळवली येतं. इथं उतरा. रुळांच्या दक्षिणेला भाजे गाव आणि त्याच्या डोक्यावर लेणी. उत्तरेला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापलीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आईचं देऊळ. पायांत बळ असलं तर एका दिवसात दोन्ही होतात. सकाळी भाजे करावं आणि दुपारनंतर कार्ला.

भाज्याची लेणी सुमारे २२०० वर्षांपूर्वीची. चैत्यगृह पाहून झालं की बाजूच्या विहाराकडे जा. तिथल्या ओसरीतल्या कोरीव आकृत्या प्रसिद्ध आहेत. एकीकडे चार घोड्यांच्या रथातली आकृती, दुसरीकडे हत्तीवर बसलेली. बहुतेक लोक रथ आणि हत्ती पाहून पुढं जातात. तुम्ही मात्र थांबा आणि अंगावरचे दागिने पाहा. गळ्यातल्या माळा, हातातली कडी, कानातली जड कर्णभूषणं. दगड झिजला आहे, तरी ओळखू येतात.

कार्ल्याला गेलात की हे आणखी ठळक दिसतं. तिथलं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि ४६ फूट उंच आहे. छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. दाराच्या भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या कोरल्या आहेत. बायकांच्या कमरेला मण्यांचे पदरावर पदर असलेली मेखला, पायात जाड तोडे, हातात कोपरापर्यंत बांगड्या. आतल्या खांबांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेल्या जोड्यांच्या अंगावरही तसंच. त्या काळच्या पाथरवटानं एकेक मणी वेगळा दाखवायला कष्ट घेतले आहेत.

ही लेणी कोणी राजानं एकट्यानं केली नाहीत. दान देणाऱ्यांची नावं खांबांवर आणि भिंतींवर कोरलेली आहेत. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे, त्यानं हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं लिहवून ठेवलं. पण त्याच्यासोबत धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतार आहे आणि सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यं विकणारा गंधीही आहे. हातानं काम करणाऱ्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं, ही गोष्ट घरी जाऊन मुलांना जरूर सांगा.

हे सारं याच डोंगरात का झालं? कारण कोकणातल्या बंदरांतून घाट चढून देशावर येणारी व्यापाराची वाट इथून जात होती. त्या वाटांवरून जाणाऱ्या मालात मणीही होते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी पुस्तकात पैठणहून रंगीत पट्ट्यांचे दगड भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी जात असल्याची नोंद आहे. असेच दगड घासून, भोक पाडून मणी होत. त्याही आधीचं पाहायचं तर आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून काही वर्षं उत्खनन केलं. तिथं तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकरी वस्तीत मणी सापडले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. जुन्या वस्त्यांत मणी सापडतात, पण दोरा बहुधा सापडत नाही. मणी दगडाचा असो, काचेचा असो की सोन्याचा, तो टिकतो. कुजतो तो दोरा. कार्ल्याच्या दगडी मेखलेचा दोरा कधी तुटणार नाही, कारण तो दगडाचाच आहे. आपल्या घरात मात्र तसं नाही. बोरमाळेचा दोरा शेतात कापणी करताना तुटला, तर सोन्याचे मणी भाताच्या तुसात शोधत बसावं लागतं, आणि सगळे सापडतीलच असं नाही. शेतकऱ्याच्या घरात सोनं ही हौस कमी आणि अडीनडीची पुंजी जास्त असते. बियाण्याला, आजारपणाला, मुलीच्या शिक्षणाला तेच कामी येतं. म्हणून दोरा, सुई आणि पक्कड यांची माहिती ही नुसती बायकांच्या करमणुकीची बाब समजू नका.

एकवीरेच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. चैत्रातल्या यात्रेला आणि नवरात्रात मुंबई-रायगडकडचे कोळी, आगरी भाविक मोठ्या संख्येनं येतात. दुकानांत काचेच्या, प्लास्टिकच्या, लाकडाच्या माळा टांगलेल्या असतात. घेताना माळ हातात धरून हलकेच ताणून पाहा. दोन मण्यांमध्ये दोरा उघडा दिसत असेल, तर ती सैल ओवली आहे. मणी एकमेकांवर आपटून दोरा लवकर घासला जाईल. एका मण्याच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवा. कड धारदार लागली तर तोच मणी दोरा कापणार.

घरीच ओवायचं असेल, तर हत्यारं थोडी घ्या, पण चांगली घ्या. एकेक करून सांगते.

पहिली सुई. मणी ओवायच्या सुया साध्या शिवणाच्या सुईपेक्षा बारीक आणि लांब असतात. त्यांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. दहा नंबरापेक्षा बारा नंबर बारीक. बारीक काळ्या मण्यांना बारीक सुईच लागते, कारण मण्यातून दोरा दोनदा न्यावा लागतो. दुकानात जाताना घरचे दोन मणी चिमटीत घेऊन जा आणि सुईचं नाक त्यातून जातं का ते तिथंच पाहा. वाकलेली सुई सरळ करत बसू नका, ती वेळेवर मोडते.

दुसरा दोरा. सोन्याच्या मण्यांना आणि मोत्यांना रेशमी दोरा चांगला, कारण तो मऊ असतो आणि गाठ घट्ट बसते. पण घाम, साबण आणि हळद यांनी तो कुजतो, म्हणून रोज अंगावर असलेली माळ वर्षातून एकदा नव्यानं ओवावी. नायलॉनचा पीळदार दोरा पाण्याला टिकतो आणि काचेच्या मण्यांना चालतो. मासे धरायचा तंगूस मजबूत असतो, पण त्याची गाठ निसटते आणि उन्हानं तो पुढं कडक होऊन तुटतो. तंगूस वापरलाच तर गाठीत दोरा एकाऐवजी दोनदा गुंडाळा. कोणताही दोरा घेण्याआधी त्याला हातानं झटका द्या. रेशीम नवं असेल, तर त्याला एखादी जड किल्ली बांधून रात्रभर खिळ्याला टांगून ठेवा. ताण आधीच निघाला की माळ पुढं सैल पडत नाही.

तिसरं मेण. मधाच्या पोळ्याचं मेण घरात असेल तर उत्तमच. दोऱ्यावरून एकदा ओढून बोटांनी फिरवा. दोरा गुंतत नाही आणि मण्यात सहज जातो. जास्त मेण लावलं तर त्यात धूळ चिकटते.

चौथी पक्कड, आणि इथंच बहुतेकांची फसगत होते. घरातली विजेच्या कामाची पक्कड घेऊन बसू नका. तिच्या आतल्या दातऱ्या मऊ तारेवर खुणा पाडतात आणि सोन्याला चरे येतात. मण्यांच्या कामाला दोन पकडी पुरतात. एक गोल, निमुळत्या चोचीची, तारेचं वेटोळं वळवायला. दुसरी चपट्या, बारीक चोचीची, धरायला आणि दाबायला. दोन्ही आतून गुळगुळीत हव्यात. घेताना पक्कड मिटून उजेडाकडे धरा. टोकाशी फट दिसली, तर ठेवून द्या. मग दहा-पंधरा वेळा उघडझाप करा. सांधा डुगडुगत असेल किंवा हात दुखत असेल, तर ती तुमच्या हाताची नाही. तिसरं हत्यार म्हणजे तार तोडायची लहान कातर-पक्कड. शिवणाच्या कात्रीनं तार कधी तोडू नका. कात्रीची धार जाते आणि कापडही फाटतं.

तारेच्या जाडीचाही नंबर असतो, आणि सुईसारखंच, नंबर मोठा तर तार बारीक. २० नंबरची तार साधारण ०.८ मिलिमीटर, २४ नंबरची ०.५ आणि २६ नंबरची ०.४ मिलिमीटर. कानातल्याची कडी करायला २० ते २२ बरी, बारीक मणी गुंफायला २६.

आता काम. पाटावर किंवा ताटात मऊ कापड अंथरा, मणी घरंगळत नाहीत. उजेड खिडकीचा असावा आणि दर अर्ध्या तासानं डोळे लांब बघायला उचलावेत. भातलावणीच्या दिवसांत हातांना भेगा असतात, रेशीम त्यात अडकतं. म्हणून आधी तेल चोळून हात स्वच्छ धुवावेत. जुना दागिना तोडण्याआधी मणी मोजा, कागदावर संख्या लिहा, त्यांचा क्रमही लिहा. ओवून झाल्यावर पुन्हा मोजा. पटवेकऱ्याकडे गाठवायला दिला तरी हाच नियम. त्याच्यासमोर मोजून द्यावा आणि मोजून घ्यावा. यात संशयाचा प्रश्न नाही, दोघांचीही सोय आहे.

मोत्यांत प्रत्येक मण्यानंतर गाठ द्या. दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो, बाकीचे जागेवर राहतात. गाठ अर्धी बांधा, सुईचं टोक तिच्यात घालून ती मण्याला अगदी भिडेपर्यंत सरकवा आणि मग सुई काढून ओढा. बोरमाळेच्या सोन्याच्या मण्यांत आतून लाख भरलेली असते. त्यांना पक्कडीनं दाबू नका आणि नायलॉनचं टोक जाळायची मेणबत्ती त्यांच्याजवळ नेऊ नका. लाख वितळली तर मणी पोकळ पडून चेपतो.

कडी उघडताना ती दोन बाजूंना ओढून उघडू नका. एक टोक आपल्याकडे आणि दुसरं पलीकडे असं आडवं वळवा, आणि तशीच परत आणा. ओढून उघडलेली कडी पुन्हा नीट गोल बसत नाही आणि दागिना त्या फटीतून गळतो. तार तोडताना टोक खाली धरून वर हात ठेवा, म्हणजे तुकडा उडून डोळ्यात जाणार नाही. लहान मुलं जवळ असतील, तर मणी झाकणाच्या डब्यात. मणी गिळणं, नाकात घालणं हे घरोघरी घडतं.

कोणाला यातून थोडी मिळकत करायची असेल, तर मावळच्या शेतीचं वेळापत्रक पाहा. इथं भात हेच मोठं पीक. वडगावच्या संशोधन केंद्राची १९८७ साली आलेली इंद्रायणी जात आज घरोघरी आहे. लावणी संपल्यावर आणि कापणीपूर्वी जे दिवस हाती राहतात, त्यात नवरात्र येतं आणि माळांना गिऱ्हाईक असतं. पण आधी पाच माळा करून शेजारणींना घाला. महिनाभर रोज वापरून त्या तशाच राहिल्या, तरच विकायला काढा. दोरा, मणी, कड्या आणि तुमचे तास यांचा हिशेब वहीत लिहा. तास न मोजता किंमत ठरवली, तर नफा आहे असं वाटतं आणि हातात काही राहत नाही.

परत निघताना लोणावळ्याच्या बाजारात चिक्की घ्याच. त्याच पिशवीत बारीक चोचीची एक चांगली पक्कड, सुयांचं पाकीट आणि दोऱ्याचं रीळ आलं, तर फेरी कारणी लागली असं समजा. घरी पोचल्यावर डबा उघडा आणि पहिली बोरमाळ काढा. तिचा दोरा नखानं तपासा. काळपट आणि खरखरीत लागला, तर कापणी सुरू व्हायच्या आत ती नव्यानं ओवून घ्या.