निळी शीर

दक्षिण फ्रान्समधील कॉम्बालू पर्वताच्या उदरात, खडकांच्या नैसर्गिक भेगांतून अहर्निश वाहणाऱ्या शीतल, आर्द्र वाऱ्यावर मेंढीच्या दुधाचे जे चीज मुरते, त्या रोकफोरच्या मुरवणीचा मक्ता सहाव्या शार्ल राजाने 1411 साली तेथील ग्रामस्थांना सनदेने दिला आणि 1925 साली कायद्यानेही त्या नावाला संरक्षण मिळाले. असे कुलवंत चीज कुस्करून सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये कालवणे हा त्याचा उपमर्द होय, असे काही रसिक मानतात. मला ते मत मुळीच मान्य नाही. सुयांनी टोचून केलेल्या वाटांनी आत शिरणाऱ्या हवेवर बुरशी पोसते, दुधातील स्निग्धांश फोडून आपला उग्र दरवळ निर्माण करते, आणि ते सारे मर्म त्या निळ्या शिरेत साठते. जे ड्रेसिंग ती शीर अभंग राखते, ते मी उत्तम समजतो.

रोकफोर खारट, तीक्ष्ण आणि बोटांना चिकटणारे. त्याला ऑलिव्हचे तेल, बेताचे व्हिनेगर आणि ताजी मिरपूड एवढी संगत पुरते. पानाच्या दुमडीत अडकलेला निळसर-हिरवा कण दाताखाली आला की आधी मीठ, मागाहून दुधाची माधुरी आणि अखेरीस बुरशीचा दर्प, असा क्रम जिभेवर स्पष्ट उमटतो. याच चिजावर दाट साय घातली की तो क्रम पार पुसला जातो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिरस्ता निराळा. तेथे मेयोनेज, आंबवलेली साय आणि ताक यांच्या घट्ट मिश्रणात गाईच्या दुधाचे ब्लू चीज घालतात, आणि आयोवातील न्यूटन गावी 1941 पासून होत आलेले मेटॅग या कामी मला विशेष योग्य वाटते, कारण त्याचा आंबूस भुगा सायीतही आपले अस्तित्व सोडीत नाही. आइसबर्ग लेट्यूसच्या थंडगार फाकेवर हे दाट ड्रेसिंगच शोभते. पातळ असेल तर ते निथळून बशीत उतरते. बफेलो शहरातील अँकर बारमध्ये 1964 साली तिखट कोंबडीचे पंख प्रथम वाढले गेले, तेव्हापासून सेलरीच्या कांड्यांसह हेच ड्रेसिंग त्यांच्याजवळ असते, आणि ते सकारण आहे: मिरचीचा दाह पाण्याने हटत नाही, स्निग्धतेने निवतो.

इटलीचे मऊ, गोडसर गोर्गोंझोला मात्र ड्रेसिंगमध्ये विरघळून नामशेष होते. घ्यायचेच तर त्याचे तिखट, अधिक मुरलेले भावंड घ्यावे. इंग्लंडचे स्टिल्टन चांगले, पण लोण्यासारखे जड. बाटलीतील तयार मालात बहुधा सारे घोटून एकजीव केलेले असते, आणि त्या करड्या समरसतेचे मला मनापासून दुःख होते.

घरी करणाऱ्याने निम्मे चीज सायीत कुस्करून ते मिश्रण रात्रभर थंडीत ठेवावे. उरलेल्या निम्म्याचे बोराएवढे खडे वाढण्याच्या ऐन वेळी, चमचा न फिरवता, वरून सोडावेत.