रूपाचा शब्द, हाताचा निवाडा

गाडीचं सस्पेन्शन ट्यून करणं हा माझा व्यवसाय. स्प्रिंग किती कडक असावी, डॅम्परमधल्या तेलाला किती अडवावं, स्टिअरिंग हाताला किती जड लागावं, हे ठरवण्यात माझे दिवस जातात. गाडी दिसावी कशी, हे मात्र स्टुडिओतली मंडळी ठरवतात. तरीही वेगवान गाड्या चालवता चालवता माझं एक मत पक्कं झालं आहे : रूप आणि चाल यांचे हिशेब वेगवेगळे मांडताच येत नाहीत. रूप म्हणजे गाडीनं चालवणाऱ्याला दिलेला शब्द. तो पाळला जातो की नाही, याचा निवाडा पहिल्या चार वळणांत हात करतात.

हा निवाडा करायला जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातल्या नॉर्डश्लायफेसारखी दुसरी जागा नाही. न्यूर्बुर्गरिंगचा हा १९२७ सालचा जुना ट्रॅक, २०.८ किलोमीटर लांबीचा. ठरावीक वेळी पैसे भरून कुणालाही तिथे आपली गाडी नेता येते. एका फेरीत जवळजवळ तीनशे मीटरचा चढ-उतार, माथ्यापलीकडे दडलेली वळणं आणि मधूनच खडबडीत होणारा रस्ता. तिथे तीन गाड्यांनी मला सर्वांत जास्त शिकवलं.

पहिली पोर्शे ९११ जीटी३, ९९२ पिढीतली. १९६३ मध्ये ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. पुढे इंजिन नाही म्हणून बॉनेट खाली झुकलेलं, आणि मागच्या वजनाला पेलणारी चाकं रुंद म्हणून कंबर भरलेली. त्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना मडगार्ड उंच उठलेली असतात. बाहेरून ती देखणी दिसतात, पण त्यांचं खरं मोल आत बसल्यावर कळतं. समोरच्या काचेतून दोन्ही मडगार्डांचे माथे दिसतात, म्हणजे पुढची चाकं नेमकी कुठे आहेत हे दिसतं. अरुंद रस्त्यावर वळणाची आतली कड इंचभर अंतरानं साधायची, तर हे दोन उंचवटे कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

जीटी३चा मागचा पंख खालून टेकू न देता वरून टांगलेला आहे. बघणाऱ्याला ती ऐट वाटते. पण गाडीला रस्त्यावर दाबून धरण्याचं मुख्य काम पंखाची खालची बाजू करते. तिथली हवा टेकूंनी ढवळली जाऊ नये, म्हणून ते वर नेले आहेत. पुढच्या चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. रस्त्यावर चालणाऱ्या ९११ला ते याच गाडीत पहिल्यांदा मिळालं. त्याचा परिणाम तळहाताला कळतो, तो कसा हे जरा सविस्तर सांगायला हवं.

वळणात टायर थोडा पिळला जातो. त्या पिळातून तो स्वतःला सरळ करू पाहतो, आणि हा जोर स्टिअरिंगमधून आपल्या हातापर्यंत येतो. वेग वाढवत नेला की जोरही वाढत जातो. पण पकड सुटण्याच्या थोडं आधीच तो ओसरू लागतो, स्टिअरिंग किंचित हलकं होतं. गाडी घसरण्यापूर्वीची ही सूचना असते. ती चांगल्या गाडीत वेळेवर आणि स्पष्ट येते, वाईट गाडीत येतच नाही. जीटी३मध्ये ती इतकी स्वच्छ येते, की पुढच्या टायरची किती पकड शिल्लक आहे हे हाताला कळत राहतं. गाडी कलली तरी डबल विशबोन टायरला रस्त्यावर नीट टेकवून ठेवतं, म्हणून हे साधतं. पाठीमागे ९,००० आरपीएमपर्यंत चढत जाणारं चार लिटरचं, टर्बो नसलेलं ५१० अश्वशक्तीचं इंजिन असतं. त्याच्या आवाजावरूनच वेगाचा अंदाज येतो.

दुसरी गाडी अल्पिन ए११०. फ्रान्समधल्या दिएपची ही गाडी २०१७ मध्ये नव्या रूपात आली. जुनी ए११० १९६२ची, आणि १९७३ मध्ये रॅलीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अल्पिननं जिंकली ती तिच्याच जोरावर. नव्या गाडीवर समोरचे चार दिवे आणि बॉनेटवरची मधली शीर जुन्या गाडीवरून आली आहे. पण जुन्याची खरी आठवण वजनात आहे : अ‍ॅल्युमिनियमची बांधणी, जेमतेम ११०० किलो. तिला मोठा पंख नाही. सपाट तळ आणि मागचा डिफ्यूझर हवेचं काम गाडीखालीच करतात, म्हणून पाठ नितळ राहिली.

स्प्रिंगा मऊ आहेत, हे माझ्यासारख्याला पटकन जाणवतं. चाकाची वर-खाली चाल संपत आली की शेवटच्या टप्प्यात तेलाचे रोधक तो धक्का अलगद पेलतात, म्हणून हा मऊपणा परवडतो. नॉर्डश्लायफेवर कारूसेल नावाचं एक वळण आहे. आतल्या बाजूला तिरप्या घातलेल्या काँक्रीटच्या फरश्यांची घळ आहे, आणि गाडी तीत उतरवूनच वळायचं असतं. जीटी३मध्ये प्रत्येक फरशीचा सांधा पाठीच्या कण्याला कळतो. अल्पिन मात्र घळीत बसते, कलते, सांधे गिळत जाते आणि बाहेर पडताना सरळ होते. त्या कलण्यातून चालवणाऱ्याला कळतं, वजन कुठल्या चाकावर किती गेलं. अवघ्या २५२ अश्वशक्तीत इतका आनंद मिळतो, तो या संवादामुळे.

तिसरी ह्युंदाईची आयोनिक ५ एन. साधी आयोनिक ५ पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसते, ही तिचीच तापट बहीण. तिच्या सरळ रेषांचं आणि धारदार घड्यांचं मूळ जॉर्जेत्तो ज्युजारोच्या १९७४च्या पोनी कूपेपर्यंत जातं. फोटोत ती आटोपशीर हॅचबॅक वाटते. शेजारी उभं राहिलं की कळतं, पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि प्रमाण राखायला चाकं २१ इंची घातली आहेत. ८४ किलोवॉट-तासाची बॅटरी, पूर्ण जोर लावला तर ६५० अश्वशक्ती, आणि वजन २.२ टन.

तिच्यात गिअर नाहीत, पण गिअर असल्याचा भास आहे : मोटरचा जोर क्षणभर तोडून धक्का दिला जातो, स्पीकरमधून आवाज चढतो. काही जण याला नाटक म्हणतात. मला ते पटत नाही. डोळे वळणात गुंतलेले असताना वेग सांगायचं काम कान आणि पाठ करतात, आणि निःशब्द गाडीत माणूस वळणापाशी नको तितक्या वेगानं पोचतो. हरवलेली माहिती इथे परत दिली आहे. पण लांब उताराच्या तळाशी लगेच चढ लागतो, तिथे दोन टनांवरचं ओझं टायरांवर कोसळतं, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर लपवू शकत नाही. रूपानं सांगितलेली चपळाई तिथे कमी पडते.

रूपाचा निर्णय आमच्या कामात किती खोल उतरतो, हे चाकाच्या आकारावरून दिसतं. स्टुडिओला मोठं चाक हवं म्हणून टायरची उभी कड आखूड होते. ही कड म्हणजे हाताला बातमी देणारा पहिला अवयव. ती आखडली की बातमी कर्कश होते, मग स्प्रिंग आणि डॅम्पर बदलावे लागतात. तबल्याचं एक घर चढवलं की समोरच्या घराकडे हातोडी न्यावी लागते, तसं हे काम एका जागी थांबत नाही.

म्हणून वेगवान गाडी बघायला जाल तेव्हा तिच्या समोरच्या जाळीमागे खरंच हवेला वाट आहे का, ते वाकून पाहा. टायरची कड किती उंच आहे ते पाहा. आत बसून मडगार्ड दिसतात का ते पाहा. यापैकी एकाही गोष्टीला इंजिन सुरू करावं लागत नाही, तरी गाडीचा निम्मा स्वभाव तिथेच कळतो.

तिघींत जीटी३ सर्वांत अचूक, आयोनिक सर्वांत धाडसी, आणि मला सर्वांत जवळची अल्पिन. ती वजनाशी प्रामाणिक आहे, आणि तिचं रूप त्या प्रामाणिकपणातून आलं आहे. पुढच्या विजेच्या गाड्या करणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे : अश्वशक्ती पुष्कळ झाली, आता किलो कमी करा. गाडी खरोखर हलकी असली, की तिला हलकं दाखवायला वेगळी कलाकुसर लागत नाही.